वहीतला लाल

वहिनी : मग येऊ ना मी आत? बघा हं, नंतर म्हणाल.

वन्सं : ये की गं. दादाशी लग्न होऊन आलीस त्याला पंचवीस वर्षं झाली, रोज या खोलीत येतेस. आजच उंबऱ्यावर अडलीस ती? दार तेवढं लोटून घे. समोरच्या पत्र्यावरून तिरीप येते.

वहिनी : बघितलंत ना मला नीट? वरपासून खालपर्यंत?

वन्सं : बघितलं बाई. कुठून काढलीस ही तपकिरी शाल? म्हातारी दिसतेस तिच्यात.

वहिनी : तपकिरी.

वन्सं : मग काय म्हणू? मातकट म्हणते. बस. खुर्चीवरची दोऱ्याची लडी ओली आहे, ती उचलून दांडीवर टाक. सकाळपासून हा हिरवा जुळवतेय. विहिरीच्या आतल्या बाजूचा हिरवा हवाय एका गिऱ्हाइकाला. वरचा नाही, आतला. काय काय मागतात एकेक!

वहिनी : आणि डोळ्यावर ही काळी चिंधी कशाला?

वन्सं : चिंधी काय, रुमाल आहे. डाव्याला जरा आराम.

वहिनी : कधीपासून चाललाय हा आराम?

वन्सं : झाले असतील तीन आठवडे. खोलीतच बांधते. सोडला की तू दोन दिसतेस. एक खुर्चीत बसते आणि एक तिच्या डोक्याच्या वर, जराशी कलती, तारेवर पतंग अडकावा तशी. ती वरची काही बोलत नाही.

वहिनी : मग ठेवून घ्या तिलाच घरात. मी जाते माहेरी.

वन्सं : रागावू नकोस. चांगलं असतं गं ते. संध्याकाळी दिवे लागले की माझ्यासाठी दुप्पट लागतात. दादा कारखान्यातून येतो तेव्हा त्याच्या खांद्यावर आणखी एक दादा असतो. रस्त्यावर कुणीच एकटं नसतं. प्रत्येकाला आपली सोबत.

वहिनी : आणि जिन्याला दुप्पट पायऱ्या असतात. परवा उगाच नाही आपटलात.

वन्सं : घसरले मी.

वहिनी : बरं, घसरलात. वन्सं, मी कामाचं बोलायला आलेय. भरतकामवाल्या बाईंनी लाल परत पाठवला.

वन्सं : कुठला लाल?

वहिनी : आपल्याकडे लाल एकच आहे, बाबांचा. बाकीचे सगळे नुसते लाल रंगाचे दोरे.

वन्सं : बाबांचा लाल आजवर कधी परत आलेला नाही.

वहिनी : तेच लिहिलंय त्यांनी. मोठ्या पडद्यावर फुलं भरताहेत. निम्मी फुलं गेल्या वर्षीच्या दोऱ्यात झाली. उरलेली या नव्यात भरायला घेतली, तर म्हणे एकाच फुलाच्या दोन पाकळ्या शांत आणि तीन पेटलेल्या. रंग फार चढलाय, काही चुकलं का, सगळं ठीक आहे ना, असं विचारलंय बिचाऱ्यांनी.

वन्सं : उन्हात ठेवला असेल त्यांनी जुना दोरा. जुना उडालाय गं. नवा चढलेला नाही.

वहिनी : मलाही तसंच वाटलं. माझ्या नणंदेचा हात चुकेल हे माझ्या डोक्यात शिरेचना. म्हणून काल तुम्ही आडव्या झालात तेव्हा नमुन्यांची वही काढली आणि ताडून बघितलं.

वन्सं : वही माझ्याशिवाय कुणी उघडायची नसते.

वहिनी : उघडली. काय करायचं ते करा. वहीतला लाल आणि परत आलेला लाल, दोन्ही शेजारी धरले. अगदी एक. केसाचाही फरक नाही.

वन्सं : मग! संपलं की.

वहिनी : तिथेच तर सुरू झालं. वहीतल्या नमुन्याला गाठ एकेरी आहे, वन्सं. बाबा दुहेरी मारायचे. चाळीस वर्षं त्या पानावर दुहेरी गाठ होती. एकेरी गाठ तुमची.

वन्सं : लक्ष बरं तुझं गाठींवर.

वहिनी : रंगातलं मला काही कळत नाही. गाठी कळतात. आयुष्यभर तुमच्या लड्या सोडवून रिळांवर चढवतेय मी.

वन्सं : बदलला मी नमुना. जुना उडाला होता. पान उघडलं तर धुतलेल्या मातीसारखा दिसत होता. म्हटलं हा कसला बाबांचा लाल? मला तोंडपाठ आहे तो. मग माझ्या आठवणीतला रंगवला, जरा जरा करत चढवत नेला, मनाला पटेपर्यंत. आणि तोच वहीत बांधला.

वहिनी : पत्र्याच्या पेटीत, दोन फडक्यांत गुंडाळलेल्या वहीतला लाल उडतो? त्याच पानावरचा पिवळा तसाच्या तसा, आणि शेजारचा लाल एकटाच निघून गेला?

वन्सं : लाल आधी उडतो. साऱ्या जगाला माहीत आहे.

वहिनी : उन्हात उडतो. अंधारात कुठे उडतो?

वन्सं : मी सांगू? हसणार नाहीस?

वहिनी : आज मला हसू येतच नाहीये. सांगा.

वन्सं : बाबांनी दाखवला.

वहिनी : कधी? त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली.

वन्सं : माझ्या पापण्या हल्ली पूर्ण मिटत नाहीत ना. झोपले तरी खाली फट राहते. त्या फटीतून खोली आत येते आणि स्वप्न बाहेर जातं. कुठलं काय ते कळत नाही. छत असतं, खिडकी असते, माझ्या चपलासुद्धा असतात, आणि बाबा खिडकीपाशी उभे असतात. हातात ओली लडी. पण पाणी ठिबकत नाही. ती उजेडाकडे धरतात, पिळतात, पुन्हा धरतात. माझ्याकडे बघत नाहीत. कामात असले की बघायचेच नाहीत. त्या दिवशी लडी लाल होती. काय लाल होती गं ती वहिनी! बघूनच रडू आलं. सकाळी उठले, इथे येऊन रुमाल बांधला, वही उघडली आणि पानावर ती माती. आता तूच सांग, मी वहीचं ऐकायचं की बाबांचं?

वहिनी : म्हणून तुम्ही पट्टी लावत नाही.

वन्सं : कसली?

वहिनी : डॉक्टरीणबाईंनी दिलेली कागदी चिकटपट्टी. झोपताना डोळ्यांत मलम घालायचं आणि पापण्या ओढून वरून पट्टी. डोळे रात्रभर उघडे राहून वाळू नयेत म्हणून. ती रिळं जशीच्या तशी आहेत कपाटात. मी मोजत होते. वाटलं, आळस करताहेत.

वन्सं : पहिले दोन दिवस लावली. पट्टी लावली की बाबा येत नाहीत.

वहिनी : अहो वन्सं...

वन्सं : अंधार होतो नुसता. सगळ्यांना होतो तसा.

वहिनी : मला सांगायचं नाही का? मी काय परकी आहे?

वन्सं : काय सांगायचं? पन्नाशीची बाई बापाला भेटायला डोळे उघडे ठेवून झोपते म्हणून?

वहिनी : हो. हेच सांगायचं. मी पुसले असते डोळे, दोघींचेही. आणि मग पट्टी लावली असती.

वन्सं : तू लावली असतीस. तू फार कामाची आहेस.

वहिनी : आहेच. तो खिडकीतला धूरही मी मुकाट्याने पोटात घातलाय. चूक माझीच. पहिल्याच भेटीत डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, सिगरेट बंद. या दुखण्यात तिच्याइतका वैरी नाही.

वन्सं : दिवसाला दोनच. रंग उकळताना एक, जुळला की एक. बाबांबरोबरची सवय. आणि दुखणं आता आहे कुठे? गोळ्या चालू आहेत. हातांची थरथर गेली, छातीतली धडधड गेली. गळ्यातल्या त्या ग्रंथीचा रिपोर्ट नॉर्मल आला, तूच मोठ्याने वाचलास.

वहिनी : ग्रंथीचा नॉर्मल आला. डोळ्यांचा नाही. डोळे आपल्या गतीने जातात, हे त्यांनी आपल्याला दोघींना समोर बसवून सांगितलं. आठवतंय? अंगातले राखणदारच चुकले आहेत, चोर समजून घरच्यांवर धावून गेले. गळ्यात गेले आणि डोळ्यांच्या मागेही गेले. गळ्यातल्यांना गोळ्यांनी आवरलं. पण डोळ्यांमागच्या त्या एवढ्याशा खोलीत अजून धिंगाणा चाललाय. सगळं सुजून बसलंय. म्हणून डोळे पुढे येतात, पापण्या वर ओढल्या जातात, दोन दोन दिसतं.

वन्सं : म्हणून मी सतत दचकल्यासारखी दिसते. बोहारीण मला विचारत होती, बाई, काही वाईट बातमी का?

वहिनी : तुम्ही काय म्हणालात?

वन्सं : म्हटलं, अजून कळली नाही.

वहिनी : वन्सं, तो कागद वाचला का तुम्ही? औषधांच्या यादीमागचा. त्यांनी हाताने चार ओळी लिहिल्या होत्या.

वन्सं : बारीक अक्षर आहे.

वहिनी : मी वाचला काल. तीनदा वाचला. शेवटच्या ओळीखाली दोन रेघा आहेत. रंग फिके दिसू लागले, विशेषतः लाल, तर त्याच दिवशी या.

वन्सं : रंग मला फिके दिसत नाहीत. माझं पोट त्यावर आहे. मला दिसले असते तर कळलं असतं.

वहिनी : नाही ना कळत! तिथेच तर फसगत आहे. मी रात्रभर यावर डोकं शिणवलंय, मला बोलू द्या. तुम्ही वही समोर ठेवून जुळवलं असतं, तर चूक झालीच नसती. डोळा मंद तर नमुनाही मंद दिसणार आणि नवी लडीही तेवढीच मंद. दोन्ही सारखे, म्हणजे जुळलं. म्हणून बाकीचे सगळे रंग बरोबर जाताहेत. बाकीचे तुम्ही वही बघून जुळवता. लाल तेवढा वहीत बघायचा नाही, ही या घराची मिजास. बाबांची, मग तुमची. मनातला लाल घट्ट तसाच राहिला आणि डोळा कमी दाखवू लागला. मग तुम्ही चढवत गेलात.

वन्सं : हे तुला कुणी शिकवलं?

वहिनी : कुणी नाही. पीठ मळताना सुचलं.

वन्सं : बाबांच्या हातातली लडी बरोबर होती मग.

वहिनी : बरोबर होती. ती तुमच्या मनातली. आणि वहीतलीही बरोबर होती. मधे एक डोळा तेवढा आहे, तो खोटं बोलला.

वन्सं : असं म्हणू नकोस त्याला. उजवा माझा चांगला डोळा आहे. डावा बघ कसा बाहेर आलाय, वाऱ्याने झोंबतो, सारखा गळतो. उजवा कधी तक्रार करत नाही. मी त्याच्यावरच सगळं काम टाकलंय.

वहिनी : रुमाल सोडा.

वन्सं : हिरवा व्हायचाय अजून.

वहिनी : हिरवा विहिरीत जाऊ दे.

वन्सं : वहिनी, जरा ऐक. सोडला, आणि तू म्हणतेस तसं निघालं तर? मग मी या घरात कोण? दादा कारखाना बघतो, तू रिळं, नोंदी, माणसं, स्वयंपाक, सगळं बघतेस. मी एकच गोष्ट करते. रोज अकरा ते एक या खिडकीत बसून बघते. तेच गेलं तर मी कोण?

वहिनी : कोण म्हणजे? आयतं बसून माझ्या चुका काढणारी नणंद. त्या कामाला डोळे लागत नाहीत, पूर्वीपासून तुम्ही ते न बघताच करता.

वन्सं : थट्टा करू नकोस गं. मला भीती वाटते.

वहिनी : मलाही वाटते. भीती वाटते म्हणून तर बडबडतेय. हे घ्या, हात पुढे करा.

वन्सं : काय आहे?

वहिनी : चाचपा. गाठ बघा.

वन्सं : दुहेरी. ही... कुठे मिळाली तुला? मी कचऱ्यात टाकली होती.

वहिनी : मी काढून घेतली त्याच दिवशी. बाबांच्या हातची गाठ केरात जाऊ देणार होते का मी? तेव्हा कळलं नाही वहीतली आहे ते, पण सुयांच्या डब्यात जपून ठेवली. आता आधी आहात तशाच बघा. उजव्याने.

वन्सं : माती.

वहिनी : आता रुमाल सोडा, आणि उजव्यावर तळहात ठेवा. दाबू नका, नुसता झाका. हं. सावकाश.

वन्सं : पाणी येतंय डाव्याला.

वहिनी : येऊ दे. पुसा आणि बघा.

वन्सं : आहे.

वहिनी : काय आहे?

वन्सं : बाबांचा लाल. इथेच आहे की गं. कुठे गेलाच नव्हता. आणि मी टाकून दिला. आपल्या हाताने केरात टाकला, वहिनी.

वहिनी : मिळाला ना? रडा हवं तेवढं. डोळ्याला ओल चांगली, तेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय.

वन्सं : थांब, थांब. हे काय? तू काय पांघरून आली आहेस?

वहिनी : आता दिसलं!

वन्सं : लाल! रंग जुळवायच्या खोलीत लाल शाल! अगं भिंत बघ, सगळ्या भिंतीवर तिची झाक पडली आहे. वेड लागलंय का तुला? पंचवीस वर्षं सांगतेय, या खोलीत राखाडी सोडून काही घालून यायचं नाही. बाहेर हो आधी!

वहिनी : ओरडा. आणखी ओरडा. दारात उभी राहून विचारलं मी, येऊ का, बघितलंत का नीट. जीव मुठीत धरून उभी होते. म्हटलं, आता ओरडतील, मग मी हसेन, सांगेन गंमत केली, आणि जाईन परत रिळांकडे. तुम्ही म्हणालात, तपकिरी.

वन्सं : म्हणाले खरी.

वहिनी : तेव्हाच कळलं, आज निघावं लागणार.

वन्सं : लाव. लाव फोन डॉक्टरीणबाईंना.

(फोन लागतो. वहिनी तो खिडकीच्या कठड्यावर दोघींच्या मधे ठेवते.)

डॉक्टर : बोला. आज मधेच फोन? जिन्यावर पुन्हा घसरल्या की काय?

वहिनी : नाही बाई. लाल गेला. उजव्या डोळ्याचा. डाव्याने लाल दिसतो, उजव्याने तपकिरी.

डॉक्टर : कधीपासून?

वन्सं : तीन आठवडे असतील. मला कळलं नाही. मला वाटलं, वही उडाली.

डॉक्टर : दोन्ही डोळ्यांनी वाचता येतंय? मधेच काळं काही दिसतं?

वन्सं : वाचता येतं. उजव्याने जरा धुरकट. मला वाटलं, मलमाने.

डॉक्टर : ऐका, मी घाबरवत नाही, पण उद्यावर टाकू नका. डोळ्याच्या मागे त्याची नस आहे. सगळं सुजल्यामुळे ती चिमटली जातेय. ती दबली की आधी लाल जातो.

वन्सं : पण बाहेर आलाय तो डावा. उजवा तर जागच्या जागी आहे.

डॉक्टर : कधी कधी तेच होतं. डाव्याने पुढे येऊन आपली जागा करून घेतली. उजवा आत घट्ट बसून राहिला आणि दाब सगळा नसेवर आला. जो तक्रार करत नाही त्याच्याकडे आपलं दुर्लक्ष होतं.

वहिनी : काय करणार आहात तुम्ही?

डॉक्टर : आधी तपासणार, फोटो काढणार. मग सूज उतरवायचं औषध सलाईनमधून, आजच. त्याने नाही भागलं तर ऑपरेशन. डोळ्यामागच्या खोलीचं थोडं हाड काढून जागा करून द्यायची. चार-पाच दिवसांची तयारी करून या. आणि स्वतः चालत उतरू नका, कुणाचा तरी हात धरा.

वन्सं : लाल परत येईल?

डॉक्टर : वेळेवर पकडलं तर पुष्कळदा येतो. सगळा येईलच असं वचन देत नाही. तीन आठवडे थोडे नाहीत. आणि सिगरेट?

वन्सं : काल होती.

डॉक्टर : शेवटची होती असं समजते. निघा.

वहिनी : ठेवला त्यांनी. चला. फाईल माझ्या पिशवीत आहे, तुमचे दोन गाऊन आहेत, टॉवेल आहे. तुमच्या दादाला सांगितलंय, गाडी खाली उभी आहे.

वन्सं : म्हणजे तू सगळी तयारी करूनच आली होतीस?

वहिनी : आले होते. आणि हे सगळं पुन्हा कपाटात लावावं लागू दे, असं मनात म्हणत आले होते.

वन्सं : भरतकामवाल्या बाईंना कळव. म्हणावं, जुना दोराच खरा. चूक आमची. तीन पाकळ्या उसवा आणि थोडं थांबा.

वहिनी : कळवते.

वन्सं : आणि ही लडी वहीत ठेव. नको, आत्ता नको. बरोबर घे. रोज सकाळी उजव्याला विचारीन, काय दिसतं म्हणून.

वहिनी : तो उगीच गप्प बसला तर मला सांगा. मी बोलते त्याच्याशी.

वन्सं : आज झोपताना पट्टी लावतील ना गं तिथे?

वहिनी : लावतील. त्यांनी नाही लावली तर मी लावीन.

वन्सं : मग बाबा आले तर?

वहिनी : मी असेन उशाशी जागी. सांगेन, वन्सं झोपल्यात, जरा बसा.

वन्सं : त्यांना बसवत नाही कामाच्या वेळी.

वहिनी : मग उभे राहू देत. लडी दाखवीन त्यांना. सांगेन, सापडली.

वन्सं : वहिनी, हा रुमाल घे. उजव्यावर बांध आता. घट्ट नको. हं, एवढा पुरे.

वहिनी : थांबा, मी ही शाल बाहेर टाकते. अजून तुमच्या खोलीतच आहे ती.

वन्सं : नको. अंगावरच असू दे. तू पुढे उतर, मी तिच्या मागून येते.